पाण्यावर चालणारी गाडी

टोकावड्यात माणूस भेटला की रामराम घालतात आणि गाडी भेटली की तिच्याखाली वाकून बघतात. गाडी टपरीसमोर थांबते, मालक अजून दारातून एक पाय बाहेर काढतोय, तोवर कुणीतरी गुडघ्यांवर हात टेकून पुढच्या चाकांमधली जमीन न्याहाळायला लागलेला असतो. ओल दिसली की तो सावकाश सरळ होतो, कमरेवर हात ठेवतो आणि निकाल देतो, "पाणी सोडतेय." मग अर्धा तास टपरीवर कुणालाच कामधंदा राहत नाही. मालकाला बसायला जागा मिळते, चहा मिळतो आणि न मागितलेल्या सल्ल्यांचा पहिला हप्ताही मिळतो.

यात गावाचा दोष नाही, गावाची जागाच तशी आहे. कल्याणहून निघालेला रस्ता म्हारळ, कांबा, रायते, गोवेली करत मुरबाडला येतो, सरळगाव मागे टाकतो आणि टोकावड्यापर्यंत बऱ्यापैकी सपाट चालतो. गाडी खुशीत असते. पुढे वैशाखरे, मोरोशी, सावर्णे आणि मग माळशेजचा चढ. म्हणजे घाटाकडे निघालेली जुनी गाडी आमच्या गावात शेवटची धड असते, आणि घाटातून कशीबशी उतरवलेली गाडी आमच्याच गावात पहिल्यांदा नीट उभी करता येते. या महामार्गाचा क्रमांक आधी २२२ होता, आता ६१ झाला आहे. गाड्यांच्या तापण्यावर त्याचा काही परिणाम दिसला नाही.

माझी गाडी याच गावची. तिचं नाव सांगत नाही, या वयात तिची बदनामी नको. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिला कल्याणच्या आरटीओत नेलं, पर्यावरण कर भरला आणि आणखी पाच वर्षांचं आयुष्य लिहून आणलं. तिथं धुराचा दाखला बघतात. गाडी मागून काय सोडते याची सरकारला काळजी आहे, खालून काय सोडते हे विचारणारा रकानाच फॉर्मवर नाही. असता तर आमच्या तालुक्यात दुचाकी आणि बैलगाड्या एवढंच उरलं असतं.

गळती आहे हे कळणं आणि ती सापडणं यांच्यामध्ये आमच्याकडे चार महिने पाऊस असतो. जून ते सप्टेंबर अख्खं अंगण ओलं, त्यात गाडीचं पाणी कुठलं आणि आभाळाचं कुठलं, कोण सांगणार? या काळात प्रत्येक गाडी निर्दोष सुटते. मे महिन्यात उलटा प्रकार. थेंब तापलेल्या इंजिनावर पडतो आणि तिथंच वाळतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. मागे राहतो तो एक पांढुरका-हिरवट ओघळ, आणि तो दिसण्यासाठी आधी वर्षभराचा चिखल खरवडावा लागतो. उरला हिवाळा. त्यातही एसी लावून आलेली गाडी खाली पाणी टाकतेच, मग सभा भरते. एसीचं पाणी की रेडिएटरचं? एसीचं पाणी स्वच्छ असतं, कूलंटचं बोटांना बुळबुळीत लागतं आणि वासाला गोडसर असतं. आमचे एक शेजारी वासावर न थांबता जिभेपर्यंत गेले. कूलंटमधलं एथिलिन ग्लायकॉल गोड असलं तरी विष आहे, हे मी त्यांना सांगितलं. "थेंबभराला काय होतंय, गुरुजी?" असं ते ऐटीत म्हणाले खरे, पण मग संध्याकाळपर्यंत दर तासाला येऊन मला तोंड दाखवून जात राहिले.

आमच्या मिस्त्रींचा या विषयातला सिद्धान्त एका ओळीचा आहे. "गुरुजी, गळती बंद होत नसते. ती सरकते."

आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे आधी अडाणीपणाचं वाटलं, पण हिशेब मांडून बघितला तर मिस्त्रींचं बरोबर निघतं. रेडिएटरच्या झाकणावर बऱ्याच गाड्यांत ०.९ असा आकडा छापलेला असतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा वाढेपर्यंत झाकणातली झडप उघडत नाही, असा त्याचा अर्थ. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १००ला न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळेच गाडी घाट चढते, नाहीतर माळशेजच्या माथ्यावर, सातशे मीटरच्या आसपास, उघडं पाणी ९८च्या आतच उकळायला लागतं. पण हा दाब झाकणापुरता राहत नाही. वरचा होजपाईप, खालचा होजपाईप, त्यांच्या क्लिपा, पाण्याचा पंप, हेडचं पॅकिंग, सगळ्यांना तो सारखाच ढकलतो. यात जो सर्वांत म्हातारा तो आधी हार मानतो. त्याच्याकडून पाणी सुटत असतं तोवर बाकीचे निवांत असतात, दाब तयारच होत नाही ना! मालक मोठ्या हौसेने तो एक भाग नवा टाकतो, दाब पुन्हा पूर्ण चढतो आणि दुसऱ्या नंबरचा म्हातारा उघडा पडतो. म्हणजे जुन्या गाडीत प्रत्येक दुरुस्ती ही पुढच्या गळतीची पायाभरणी असते. मिस्त्रींचं घर याच सिद्धान्तावर उभं आहे, आणि तेही दुमजली.

माझ्या गाडीत सुरुवात वरच्या होजपाईपपासून झाली. तो मध्येच फुगला होता. बदलला, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा आवळल्या आणि गाडी सासुरवाडीला जाऊन आली. लगेच रेडिएटरने डोकं वर काढलं. हल्लीचा रेडिएटर म्हणजे मध्ये ॲल्युमिनियमची जाळी आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या. या दोघांचं नातं एका रबरी पॅकिंगवर आणि दुमडलेल्या पत्र्याच्या दातांवर टिकलेलं. प्लॅस्टिक उन्हातान्हात कडक होतं, चिरतं, आणि मग त्याला काही करता येत नाही. एम-सीलच्या दोन वड्या मळून चिरेवर बसवल्या. एम-सीलने आपलं काम चोख केलं. गळती बोटभर अंतर सोडून शेजारून सुरू झाली.

पितळी रेडिएटरच्या काळात असं नव्हतं. कल्याणला रेडिएटर झाळून देणारे कारागीर होते, अजूनही थोडे आहेत. त्यांची कामाची रीत बघत बसावी अशी. रेडिएटर काढून आणायचा, त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, पाण्याने भरलेल्या लोखंडी हौदात तो बुडवायचा आणि एका बाजूने हवा मारायची. मग दोघं-तिघं हौदावर वाकून गप्प उभे. बुडबुडा आला की त्या जागेवर खडूने खूण. पाणी निथळलं की गॅसची निळी ज्योत, ॲसिडचा फटकारा, कथलाची कांडी, आणि चर्र आवाज होऊन भोक बुजलेलं. पुन्हा हौद, पुन्हा हवा. बुडबुडा नाही म्हणजे नाही. मालक, मिस्त्री, ड्रायव्हर आणि स्पेअरपार्टवाला यांच्या जबान्या कितीही फिरोत, गाडीच्या अख्ख्या प्रकरणात खोटं न बोलणारा साक्षीदार हा एवढाच. अँबॅसडर २०१४ साली बनायची थांबली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी उतरली. लोकांनी टॅक्सीसाठी उसासे टाकले, फोटो काढले, पण तिचा रेडिएटर झाळणारे आता काय झाळतील, हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

रेडिएटर नवा बसवल्यावर, सिद्धान्तानुसार, पंपाची पाळी आली. पाण्याच्या पंपाच्या पोटाशी बनवणाऱ्यांनीच एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून ठिबकावं आणि मालकाला वेळेवर कळावं, एवढाच त्याचा हेतू. मुरबाडच्या वाटेवर गाडी थांबली असताना एका हुशार हाताने ते भोक हुडकून काढलं आणि "हे बघा, इथून जातंय" म्हणत लांबी भरून बुजवून टाकलं. ठिबकणं थांबलं. इशारा देणाऱ्याचं तोंड बंद केलं की संकट टळतं, ही पद्धत फक्त मंत्रालयात चालते असा माझा समज होता. थोड्याच दिवसांत पंपाचं बेअरिंग असं किंचाळायला लागलं की सरळगावच्या बाजारातली गुरं वळून बघायची.

आता सल्लागारांकडे वळायला हवं. टपरीवर रेडिएटरच्या गळतीवर हळद सुचवणारा एक पक्ष आहे आणि अंड्याचा पांढरा बलक सुचवणारा दुसरा. दोन्ही पक्षांकडे कुणाच्या ना कुणाच्या काकाच्या ट्रकचा दाखला असतो, आणि तो ट्रक नेहमी नाशिकपर्यंत सुखरूप गेलेला असतो. माझ्या गाडीच्या वेळी श्रावण चालू असल्यामुळे अंड्याचा ठराव चर्चेविनाच बारगळला. हळदीला घरातून मंजुरी घ्यावी लागली. "कुठली देऊ?" बायकोने विचारलं, "रोजची, की चांगली ठेवलेली?" मी रोजची म्हणालो. तिने तरी दोन चमचेच दिली आणि डबा परत फडताळात ठेवला. गाडीला हळद लागली ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. दोघांनी अक्षतांची तारीख विचारली.

हळदीचा उपाय अगदीच खोटा नाही, ही त्यातली पंचाईत आहे. बारीक पूड पाण्याबरोबर फिरते, गळक्या फटीशी अडकते, फुगते आणि फट खरंच बुजते. फक्त हळदीला फट आणि नळी यांतला फरक कळत नाही. रेडिएटरच्या नळ्याही तशा बारीकच, त्याही ती तितक्याच आपुलकीने बुजवते. मग पाणी गळत नाही, पण फिरतही नाही. काटा वर चढतो, आणि "बघा, गळती तर थांबली ना?" असं म्हणायला हळदवाला पक्ष मोकळा होतो.

तिसरा पक्ष थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्यांचा. हा पक्ष गावोगाव सत्तेत आहे. थर्मोस्टॅट ही मेण भरलेली एक छोटी झडप. पाणी ऐंशी-पंचाऐंशी अंशांपर्यंत तापलं की मेण पसरतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. इंजिन लवकर तापावं आणि मग त्याच तापमानावर राहावं, म्हणून ही योजना. "पण गुरुजी, ही थंड देशातली भानगड. आपल्याकडे कशाला?" असं म्हणून मिस्त्री ती झडप काढतात आणि मालकाच्या तळहातावर ठेवतात. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं हे पुढे कळतं, पण ते पेट्रोलपंपावर कळतं, गॅरेजात नाही. टोकावड्यातल्या बहुतेक गाडीवाल्यांच्या घरी टीव्हीशेजारी एक थर्मोस्टॅट असतो. पाहुण्यांची लहान मुलं त्याच्याशी खेळतात.

कूलंटवरही एकमत नाही. डब्यावर अभिमानाने छापलेलं असतं की हे द्रावण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. माघात आमच्याकडे शेकोट्या पेटतात, म्हातारी माणसं घोंगडीतून हात बाहेर काढत नाहीत, हे मान्य, पण अजून कुणाची विहीर गोठलेली नाही. म्हणून सगळ्यांचा निष्कर्ष एकच, पैसे वाया. कूलंट गंज थांबवतो आणि उकळबिंदू चढवतो, या दोन गोष्टी डब्यावर बारीक अक्षरात असतात. गावात बोअरचं पाणी भरायची रीत आहे. आमचा काळा खडक, त्यातलं ते जड पाणी. ज्या पाण्याने चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो तेच पाणी इंजिनात जातं, आणि पातेलं निदान रोज घासलं जातं. पुन्हा रंगांचा वाद आहेच. हिरवा, लाल, निळा, भगव्याकडे झुकणारा, असे सगळे कूलंट दुकानात मिळतात आणि ते एकमेकांत मिसळू नका असं डब्यावर बजावलेलं असतं. निवडणुकीनंतर एकत्र आलेले रंग आपण महाराष्ट्रात पुष्कळ पाहिलेत. रेडिएटरमध्ये त्याचा गाळ होतो, एवढाच फरक.

पाणी हे गाडीचं खरं इंधन आहे, हे पहिल्यांदा एका बाईने सिद्ध केलं. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ या जर्मन गृहिणी नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार काढून, दोन मुलगे बरोबर घेऊन, मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे कल्याणहून घाट चढून ओतूरपर्यंत जावं जवळपास तेवढं. त्या मोटारीत पाणी तापायचं, उकळायचं आणि वाफ होऊन जायचं. ती बिघडण्याची खूण नव्हती, रचनाच तशी होती. त्यामुळे वाटेत ओढा, विहीर, खानावळ जे दिसेल तिथं थांबून पाणी भरायचं. इंधनाची नळी तुंबली ती बाईंनी टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपलं ते वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटारीवरचा जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून याचं कौतुक होतं ते योग्यच आहे. पण माझ्या बायकोला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. "माहेरी जायला निघालेली बाई गाडी तापली म्हणून मागे फिरत नाही, एवढंच ना?" ती म्हणाली. इतिहासाच्या पुस्तकांतून हा मुद्दा निसटलेला आहे.

पुढे १९००च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्याच्या घडणीचा रेडिएटर तयार केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. त्यानंतर थोड्या पाण्यात मोठी इंजिनं थंड व्हायला लागली, आणि आजची मोटार तिथून शक्य झाली असं जाणकार मानतात. हा आकडा मी मिस्त्रींना मुद्दाम सांगितला. ते पाना खाली ठेवून बराच वेळ गप्प राहिले. "आठ हजार सत्तर नळ्या," ते म्हणाले, "आणि प्रत्येकीला दोन टोकं." मग त्यांनी पश्चिमेकडे तोंड करून हात जोडले.

आमच्या पूर्वजांना ही कटकट नव्हती, असं मात्र समजू नये. वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट वर चढते. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जायचा. चढून गेलं की खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि घाटमाथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण, ज्यात जकात टाकायची असं सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या हद्दीवर आधी पाण्याची सोय होती आणि मग टोलनाका. आता टोल सगळीकडे आधी येतो. ती टाकी आजही पाणी धरून आहेत. एकाही टाक्याला कधी क्लिप आवळावी लागलेली नाही. सातवाहनांनी झाकणाला दाब दिला नव्हता, हे खरं कारण.

दाब दिला की काय होतं हे बघायला शेजारच्या शहापूर तालुक्यात जावं. तिथं तानसा आहे, मोडकसागर आहे, भातसा आहे, मध्य वैतरणा आहे. मुंबई जे पाणी पिते त्याचा मोठा भाग या डोंगरांतून जातो. तानसा धरण १८९२चं. तेव्हापासून अजस्र नळ त्या बाजूने मुंबईकडे धावतायत, आणि मिस्त्रींचा सिद्धान्त तिथंही लागू आहे. एक सांधा आवळला की पुढचा सांधा पाझरतो. मुंबईत मध्येच एखाद्या रस्त्यावर तीन मजली कारंजं उडतं आणि पेपरात फोटो येतो, तो आमच्याकडच्या पाण्याचा असतो. आमच्याकडची माणसं तो फोटो जरा जास्त वेळ बघतात, कारण एप्रिल-मे आला की शहापुरातले कितीतरी पाडे टँकरची वाट बघत बसलेले असतात.

त्यामुळे उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या पाड्यावर गाडीसाठी पाणी मागणं हे धाडसाचं काम आहे. डोळखांबकडून येताना काटा वर गेला म्हणून मी एका घरापुढे थांबलो. ओटीवर आजी बसल्या होत्या.

"आजी, पाणी मिळेल का?"

"पेयाला का गारीला?"

"गाडीला."

आजींनी हातातला तांब्या खाली ठेवला, आत जाऊन आल्या आणि भांडी विसळलेलं पाणी बादलीने माझ्यापुढे सरकवलं. वर म्हणाल्या, "धन्याला तहान लागली तं सांग, त्याला चांगला देते." गाडीने ते पाणी निमूट प्यायलं आणि मुरबाडपर्यंत बोंबलाच्या कालवणाचा वास सोडत आली. त्या न्यायात मला आजही खोट काढता येत नाही.

पावसाळ्यात माळशेजला येणारे शहरी पाहुणे या शिक्षणाशिवायच येतात. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, काचा बंद, एसी चालू. कुठल्यातरी जुन्या गाडीचं बॉनेट वाफ सोडायला लागतं. कड्यांवरून पाणी कोसळतंय, रस्त्याच्या गटारातून पाणी वाहतंय, डोक्यावर पाणी पडतंय, आणि पोरं एकमेकांना विचारतायत, "अरे, पाण्याची बाटली आहे का कुणाकडे?" मग त्यातला एक शूर झाकणाला हात घालतो. इथं मात्र गावातली माणसं ओरडून धावतात, कारण हा विनोदाचा भाग नाही. आतलं पाणी शंभराच्या वर असतं आणि केवळ दाबामुळे उकळायचं थांबलेलं असतं. झाकण सैल झालं, दाब गेला, की ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर उडतं. इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि गप्प बसायचं, हाच उपाय. अर्धा तास गप्प बसणं हे शहरातल्या माणसाला रेडिएटर बदलण्याहून महाग पडतं. मक्याची कणसं विकणाऱ्या बायका अशा गाड्यांकडे बरोबर लक्ष ठेवून असतात. वाफ दिसली की शेगडी तिकडे सरकते.

गप्प न बसता घरी पोचायची एक युक्ती आहे, ती मी मेव्हण्यांवर करून पाहिली. गाडीतला हीटर हा दुसरा, छोटा रेडिएटरच. तो पूर्ण लावला, पंखा शेवटच्या आकड्यावर ठेवला, की इंजिनातली उष्णता आत केबिनमध्ये येते आणि काटा खाली उतरतो. मे महिना, दुपार, ओतूरच्या बाजूचं लग्न आटोपून घाट उतरताना मी हीटर लावला. मागे मेव्हणे सुटात होते. "दाजी, बाहेर उन्हाळा आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "इंजिनाला त्रास होतोय." "आणि आम्हाला?" "तुम्हाला पाणी मागता येतं, त्याला येत नाही." मोरोशीजवळ त्यांनी कोट काढला, वैशाखऱ्याला टाय आणि टोकावड्याच्या वेशीवर नातं. इंजिन मात्र छान गार राहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच वापरात आलेला हीटर पुढच्याच आठवड्यात आतून फुटला आणि पायाखालच्या चटईवर हिरवं पाणी साचलं. गळती आता गाडीच्या बाहेरून आत आली होती. मिस्त्रींनी हीटरचे दोन्ही पाईप एकमेकांना जोडून हीटरच व्यवस्थेतून बाद केला. मेव्हण्यांना हे कळवलं, तर त्यांनी मिस्त्रींसाठी पेढे पाठवले.

आता या गाडीत राहिलंय ते फक्त हेडचं पॅकिंग. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत का, तेलाचा रंग दुधाळ होतोय का, हे आम्ही दोघं दर रविवारी बघतो. "अजून नाही," मिस्त्री म्हणतात. त्यांच्या आवाजात तेव्हा जे असतं त्याला निराशा म्हणणं बरं दिसत नाही.

मध्यंतरी त्यांना खरी निराशा आली होती. ठाण्याहून माझा भाचा विजेवर चालणारी नवी गाडी घेऊन आला. गावातली अर्धी माणसं तिच्याभोवती जमली. "मामा, याला इंजिनच नाही," तो सांगत होता, "तेल नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. तापायचा प्रश्नच नाही." मिस्त्री गर्दीच्या मागे उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. पान्याने तळहातावर हलके ठोके देत ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बॉनेट तरी उघडतं का, भाऊ?"

भाच्याने बॉनेट उघडलं. मिस्त्री पुढे झाले. आत वाकले. एका कोपऱ्यात त्यांना पांढऱ्या प्लॅस्टिकची बाटली दिसली, तिच्यात रंगीत पाणी, अंगावर कमी-जास्तच्या दोन रेघा.

"हे काय?"

"कूलंट. बॅटरी थंड ठेवायला लागतो."

मिस्त्रींनी बाटलीपासून निघालेला पाईप बोटाने धरला आणि बोट हळूहळू पुढे नेलं. पाईप एका वळणावर दुसऱ्या पाईपला मिळाला. तिथं एक क्लिप होती. त्यांनी ती अंगठ्याने दाबून बघितली, सरळ झाले आणि कमरेवर हात ठेवले.

"वॉरंटी किती वर्षांची म्हणालात?"

"बॅटरीची आठ."

"पोऱ्या," त्यांनी हाक मारली, "पाहुण्यांना चहा सांग. आणि यांचा नंबर लिहून घे."